थाळीवरचा शब्द

आमच्या नंदुरबारकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालतात. मशिदीच्या देगेवर त्यात ‘वक्फ’ हा एक शब्द वाढतो. तो आला की मालकी अल्लाहची. मग विक्री नाही, वाटणी नाही.

एका शाही थाळीवरही हा शब्द आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये घडलेली, निळ्या द्राक्षवेलींची चिनी मातीची थाळी. इराणच्या शाह इस्माईलची कन्या महीन बानू (१५१९-१५६२) हिने ती मशहदला इमाम रझांच्या दर्ग्यासाठी वक्फ केली आणि तसे थाळीवर कोरवून घेतले. पुढे तिच्यावर शाहजहानचे नाव आले, सोबत हिजरी १०५३ (इ.स. १६४३-४४) हे साल. २०१५ मध्ये न्यूयॉर्कला सोथबीजने ती लिलावात मांडली.

आम्ही उर्दू शाळेचे शिक्षक. बादशहाचे नाव ऐकून मुले खूश होतात. आम्ही त्यांना आधी शहजादीचा शब्द वाचायला लावतो. थाळी हातोहात फिरली, शब्द मात्र पुसला गेला नाही. आपल्या कब्रस्तानांच्या, मशिदींच्या जमिनींच्या जुन्या कागदांवरही तोच शब्द आहे. तो वाचणारे डोळे घरोघरी उरले पाहिजेत.