फुफी, 'छावा' आणि 'हक'

आमच्या घरात सिनेमाला रीतसर परवानगी कधी मिळाली नाही आणि बंदीही कधी झाली नाही. मरहूम अब्बा म्हणत, बघायचाच असेल तर नमाज चुकवून बघू नका आणि बघून आल्यावर घरी खोटे बोलू नका. दुसरी अट आम्ही आजवर पाळत आलो आहोत, म्हणूनच हे लिहायला बसलो. गेल्या वर्षभरात पाहिलेल्या तीन सिनेमांबद्दल आम्हाला जे वाटले ते जसेच्या तसे सांगतो. कुणाला पटेल, कुणाला नाही.

आम्ही राजपुरीच्या खाडीकाठचे. पडवीत खुर्ची टाकून बसले की समोर जंजिरा दिसतो. पण ऐसपैस थिएटरात सिनेमा बघायचा तर आम्हाला पनवेल गाठावे लागते. एसटीने जायला साडेतीन-चार तास, यायला तेवढेच. तिकिटे आणि पोरांचे खाणे धरले तर मास्तरच्या पगाराला चांगलेच भोक पडते. त्यामुळे वर्षातून एखादा सिनेमा थिएटरात, बाकीचे घरी टीव्हीवर. २०२५ चा तो एक सिनेमा 'छावा' ठरला. चिरंजीव तेव्हा नववीत होते. वर्गातल्या अर्ध्या मुलांनी तो पाहिला होता आणि न पाहणाऱ्याला मधल्या सुट्टीत बोलायला विषयच उरला नव्हता. घरातून विरोध झाला. बुरखा घालून त्या गर्दीत कशाला, असे बेगमचे म्हणणे होते. पण रमजान तोंडावर आलेला, महिनाभर मग काही पाहणे नाही, म्हणून निघालो.

आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक काकू होत्या. दिवे बंद व्हायच्या आधी त्यांनी बेगमकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा आलात?" त्यात वाकडे काही नव्हते, नुसते आश्चर्य होते. बेगम म्हणाली, "का हो काकू, आमचं तिकीट वेगळं असतं का?" काकू हसल्या आणि मध्यंतरात त्यांनी डब्यातली चिवड्याची मूठ आमच्या पोराच्या हातावर ठेवली.

आता सिनेमा. विकी कौशल जीव तोडून काम करतो, पण दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर त्याला दर दहा मिनिटांनी डरकाळी फोडायला लावतात आणि पाचव्या डरकाळीनंतर तिचा असर होत नाही. ए. आर. रहमान यांचे संगीत आम्हाला त्या काळाचे वाटलेच नाही. खरी कमाल अक्षय खन्नाची. त्याचा औरंगजेब फारसा बोलत नाही, सुईने काहीतरी विणत बसतो आणि ते विणणेच अंगावर येते. शेवटचा छळ मात्र इतका लांबवला आहे की दुःख बाजूला राहते आणि जखमाच मोजत बसावे लागते. तरी खरे सांगायचे तर आमच्याही डोळ्यांत पाणी आले. राजांचे हाल बघून पाणी यायला माणूस असणे पुरते. दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगांत घोषणा सुरू झाल्या. आमचा पोरगा पायांकडे बघत बसून राहिला होता.

शिवाजी सावंतांची मूळ कादंबरी १९७९ ची. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातली प्रत वाचून वाचून सुटी झाली आहे. ती वाचून शाळेत कधी भांडण झाल्याचे आम्हाला आठवत नाही. सिनेमानंतर झाले. मार्चमध्ये, मधल्या सुट्टीत, क्रिकेटमध्ये धावबाद मानायचे की नाही यावरून एका मुलाने आमच्या पोराला 'औरंग्याचं पिल्लू' म्हटले. म्हणणारा मुलगा कोळीवाड्यातला. त्याच्या वडिलांच्या होडीच्या कर्जाचे अर्ज आजवर आम्हीच लिहून देत आलो. आणि आमच्या चिरंजीवांनी बॅट खाली टाकली नाही, वर उचलली. पी.टी.च्या सरांनी ती वेळेवर धरली म्हणून बरे. दोघेही आमच्यासमोर उभे केले गेले. बाप म्हणून एकाकडे बघायचे आणि मास्तर म्हणून दोघांकडे, हे बी.एड.ला कुणी शिकवले नव्हते. पोराला जास्त शिक्षा केली. बॅट त्याने उगारली होती.

शाळा सुटल्यावर दोघांना घेऊन आम्ही राजपुरीच्या धक्क्यावर गेलो. समोर किल्ला होताच. त्यांना सांगितले की १६८२ मध्ये संभाजीराजे याच किनाऱ्यावर होते. पाण्यातला हा किल्ला हाती येईना, तेव्हा त्यांनी दगड टाकून समुद्रच बुजवायला घेतला होता. औरंगजेबाची फौज उत्तर कोकणात उतरली म्हणून त्यांना रायगडाकडे वळावे लागले. आत सिद्दी होता, तो मुसलमान, आणि मोगलांच्या बाजूचा. पण शिवाजी महाराजांच्या ज्या आरमाराने या जंजिऱ्यावर हल्ले केले, त्याच्या सरदारांत दौलतखान होता. तोही मुसलमान. १६७९ मध्ये थळसमोरच्या खांदेरीवर इंग्रजांशी झुंजणाऱ्या आरमारातही तोच. आणि ज्या औरंगजेबाच्या नावाने तू शिवी दिलीस, त्याचा सख्खा मुलगा शहजादा अकबर बापाविरुद्ध बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला आला होता. १६८१ च्या नोव्हेंबरात दोघांची भेट सुधागडाच्या पायथ्याशी, आपल्याच जिल्ह्यात, पातशहापुरास झाली. आज त्या गावाला पाच्छापूर म्हणतात. अकबर सिनेमात आहे, घाईघाईने येऊन जातो.

कोळ्याच्या पोराने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, मग दौलतखान पिक्चरमध्ये का नाही दाखवला?"

आम्ही म्हटले, पावणेतीन तासांत सगळे कुठे मावणार. हे उत्तर आम्हाला स्वतःलाच पटले नाही. पोरांना पटले की नाही ते त्यांनाच ठाऊक. ती दोघे परत जाताना सायकल डबलसीट गेली, एवढे खरे.

त्या महिन्यात बाहेर काय काय चालले होते ते वाचकांना आठवत असेल. बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतात मोगलांचे सोने खणत होते, सिनेमात बुऱ्हाणपूरची लूट पाहून. त्यावर आम्ही घरी खूप हसलो. नंतर १७ मार्चला नागपुरात दंगल झाली, माणूस दगावला, तेव्हा हसू गेले. खुद्द मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले की या सिनेमामुळे औरंगजेबाविरुद्धचा लोकांचा राग पुन्हा जागा झाला. दिग्दर्शकाचा तसा हेतू असेल असे आम्ही म्हणत नाही. पण शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांना फितूर दाखवल्याची तक्रार केली तेव्हा दिग्दर्शकांनी त्यांची माफी मागितली, आणि ते योग्यच केले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसावरून आजच्या माणसाला टोमणे बसू शकतात हे त्यांना कळले होते. मग आमच्या पोराचे तर औरंगजेबाशी नातेगोतेसुद्धा नाही. त्याचे पणजोबा मचव्यावर तांडेल होते.

डिसेंबरात 'धुरंधर' आला. तो आम्ही पाहिला नाही, आणि न पाहिलेल्या सिनेमावर बोलायचे नाही हा आमचा नियम. फक्त पाहिलेले तेवढे सांगतो. आमच्या मोहल्ल्यातल्या ज्या तरुणांनी बहिष्काराचे निरोप मोबाइलवर फिरवले, तेच एका वलीम्याला त्यातल्या अक्षय खन्नाच्या गाण्यावर हात पसरून नाचत होते. ते गाणे बहरीनच्या गायकाचे आहे म्हणे. बहरीनला नोकरी करणाऱ्या आमच्या मामेभावाला त्याचा फार अभिमान.

'होमबाउंड' मात्र शोधून पाहिला. नीरज घेवानचा हा सिनेमा भारताने ऑस्करला पाठवला, तरी थिएटरांत फार टिकला नाही. शोएब आणि चंदन, एक मुसलमान, एक दलित, दोघे जिवलग मित्र. टाळेबंदीत गावाकडे निघालेल्या दोन मित्रांच्या खऱ्या हकिगतीवरून तो घेतला आहे. त्यात साहेबाच्या घरी भारत-पाकिस्तानची मॅच लागलेली असते आणि शोएबला हसत हसत टोमणे मारले जातात. तो प्रसंग पाहताना आमचा पोरगा पुटपुटला, "हे असंच असतं." आम्ही काही बोललो नाही. हा सिनेमा आम्हाला सगळ्यांत आवडला. यातला मुसलमान ना अतिरेकी आहे, ना देशासाठी छातीवर गोळी झेलून स्वतःला सिद्ध करणारा. त्याला नोकरी पाहिजे, बस.

एक गाऱ्हाणे मात्र सगळ्याच सिनेमावाल्यांबद्दल आहे. पडद्यावरचा मुसलमान बघा, डोळ्यांत सुरमा, ताटात कबाब, तोंडी लखनवी उर्दू. आमच्या राजपुरीत आदाब म्हणणारा एक इसम दाखवा. आम्ही उर्दू शिकवतो, पण घरी भांडतो मराठीत. ताटात तांदळाची भाकरी आणि सुकट. कोकणी मुसलमान पडद्यावर यायला अजून किती वर्षे लागणार, कोण जाणे.

'हक'मध्येही सगळे तशीच नटवी उर्दू बोलतात. पण त्या सिनेमाने आम्हाला भाषेवर भांडायला सवड दिली नाही.

शाहबानो प्रकरणावर बेतलेला हा सिनेमा नोव्हेंबरात आला. शाहबानोंच्या मुलीने प्रदर्शन थांबवण्यासाठी हायकोर्टात धाव घेतली होती, ती अर्जी फेटाळली गेली. आपल्या लोकांत चर्चा एकच, हा समाजाच्या बदनामीचा नवा कट. खरे तर आमचेही मत न पाहताच तसे झाले होते. 'छावा' बघायला आठ तासांचा प्रवास केला आणि हा घरबसल्या बघायचा तर रिमोट उचलवेना. लोकांनी आपला इतिहास नीट पाहावा असे धक्क्यावर उभे राहून पोरांना सांगणारे आम्ही, आणि घरची गोष्ट आली की अंग चोरत होतो. घरची असे म्हणण्याचे कारण आमची फुफी. तिचा तलाक १९८३ मध्ये कुवेतहून पत्राने आला. सातशे रुपये मेहर आणि इद्दतीचा खर्च मनिऑर्डरने. कडेवर दीड वर्षाची मुलगी. तेव्हापासून ती आमच्यातच. शिलाई केली, मोहल्ल्याच्या मुलांना कुरआन शिकवले, मुलीचे लग्न केले.

रिमोट शेवटी तिनेच मागितला. "त्या इंदूरच्या बाईचा आहे ना? लाव."

सिनेमा म्हणून यामी गौतम अप्रतिम. इमरान हाशमीचा वकील नवरा सुरुवातीला इतका गोड आहे की नंतरचा राग दुप्पट होतो. काझी मंडळी मात्र एकाच साच्यातली. जमातीत एखादा तरी काझी असा असतो जो रात्री येऊन म्हणतो, बेटी, तुझे बरोबर आहे. तो इथे नाही. पण बदनामी म्हणाल तर आम्हाला दिसली नाही. ती बाई दीन सोडून लढत नाही, कुरआन वाचून लढते.

खरी शाहबानो सिनेमातल्यासारखी तरुण नव्हती. घराबाहेर पडली तेव्हा लग्नाला चाळीस वर्षे उलटली होती, वय साठीच्या घरात. तिने महिना पाचशे मागितले. खालच्या कोर्टाने दिले पंचवीस रुपये. हायकोर्टाने ते केले १७९ रुपये २० पैसे. सुप्रीम कोर्टाने २३ एप्रिल १९८५ ला तेच कायम केले. एवढ्या पैशांवरून देश ढवळून निघाला. सूरह बकराहच्या २४१ व्या आयतीत तलाकपीडितेला रीतीप्रमाणे काही देण्याची ताकीद आहे, ती तेव्हा किती सभांत वाचली गेली असेल? दबाव इतका आला की खुद्द शाहबानोने निकाल नाकारला. १९८६ मध्ये नवा कायदा झाला. सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये त्याच कायद्याचा अर्थ लावला की इद्दतीच्या मुदतीत द्यायची ती तरतूद पुढच्या आयुष्यालाही पुरेशी असली पाहिजे. आणि आपल्याच चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १९६६ मध्येच सात बायकांना घेऊन विधानभवनावर गेले होते. त्यांचे नाव काढले की आजही आपल्यात अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांच्या साऱ्याच मतांशी आम्ही सहमत नाही. पण त्या सात जणींना काय सोसावे लागले होते, हे आपण कधी विचारले नाही.

अब्बा १९८५ च्या त्या सभांना जात. आम्ही तेव्हा पाच वर्षांचे. पटांगणातली सभा, गॅसबत्त्या आणि अब्बांचा खांदा, एवढे पुसट आठवते. निकालाविरुद्ध हात वर करणारे अब्बा आणि घरी मशीन चालवणारी त्यांची बहीण, या दोन गोष्टी आम्ही चाळीस वर्षांत कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. त्या रात्री टीव्हीसमोर त्या आपोआप शेजारी आल्या.

सिनेमा संपला. फुफी म्हणाली, "पंचवीस रुपयांत तेव्हा पाच-सहा किलो तांदूळ येत असतील, नाही?"

आम्हाला काही सुचेना.

"भाई त्या सभेहून रात्री उशिरा आला होता," ती म्हणाली. "माझ्यासाठी काचेच्या बांगड्या आणल्या होत्या, हिरव्या. मी म्हटलं, मला कशाला आता. तो काही बोलला नाही. मी घातल्या."

"तू त्यांना कधी विचारलं नाहीस? की तुम्ही तिथे का जाता?"

"काय विचारणार? भात त्याचाच खात होते."

ती पदराने चष्मा पुसत होती. दहावीचा अभ्यास टाकून पोरगा केव्हाचा दारात येऊन उभा होता. फुफीचे त्याच्याकडे लक्ष गेले. "अरे, तो तुमचा संभाजीराजांचा लाव की. तुम्ही सगळे पनवेलला जाऊन आलात, मी नाही पाहिला अजून."

"त्याचा शेवट बघवत नाही, दादी."

"मग तेवढा पुढं ढकल," फुफी म्हणाली आणि चष्मा लावून नीट बसली.