धडधड थांबल्यावर

रायपूरच्या भनपुरीसारख्या कारखान्यांच्या वस्तीत रात्रपाळी करून घरी आलेल्या माणसाला एकाएकी छातीत धडधडू लागते, मनगटावरची नाडी कुठलाच ताल धरत नाही, आणि घरातले सगळे एकच धसका घेतात: आता हृदय बंद पडणार. हृदयरोगाचा डॉक्टर म्हणून माझे ठाम मत आहे की, एट्रियल फिब्रिलेशन या ताल बिघडण्याच्या नेहमीच्या विकारात ही भीती चुकीच्या ठिकाणी बसलेली असते. पहिल्या झटक्यात हृदय क्वचितच दगा देते. घात होतो तो मेंदूचा, आणि तोही पुष्कळदा धडधड थांबून सगळे निश्चिंत झाल्यावर. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, भोवळ येऊन माणूस पडला असेल किंवा तोंड वाकडे झाले असेल, तर मात्र विचार करत न बसता १०८ ला फोन करावा.

या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, मिनिटाला ३५० हून अधिक वेळा नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. तिच्यातले रक्त पुरेसे हलत नाही, साकळते, आणि गुठळी सुटली की ती प्रवाहाबरोबर मेंदूच्या धमनीत जाऊन अडकते. मग लकवा मारतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या पाहणीत १९७८ मध्ये दिसले की, या विकारात लकव्याचा धोका पाचपटींहून अधिक वाढतो. लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप खराब झालेली असेल, तर सतरापटींहून अधिक.

म्हणून पहिली गरज असते ती झटका चालू असतानाच्या इसीजीची. तीन बोटे अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर ठेवून पुरा मिनिट नाडी मोजावी. दोन ठोक्यांमधले अंतर प्रत्येक वेळी वेगळे लागत असेल, तर जवळच्या दवाखान्यात लगेच इसीजीची पट्टी काढून घ्यावी. मेकाहारा रुग्णालयात किंवा टाटीबंधच्या एम्सला पोहोचेपर्यंत ताल परत आला, तर पुरावाच हातचा जातो. पट्टीचा कागद थर्मल असला तर अक्षरे कालांतराने उडतात, तेव्हा फोनवर तिचा फोटो काढून ठेवावा. हातातले घड्याळ इशारा देते, निदान करत नाही. चार लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घड्याळाने सावध केल्यावर ज्यांनी छातीवर पट्टी लावून पुढची तपासणी केली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत हा विकार त्या पट्टीवर सापडला.

यावर नातेवाईक विचारतात, आधी शॉक देऊन ताल का आणत नाही? प्रश्न रास्त आहे. पण २०१९ मध्येच नेदरलँड्समध्ये ४३७ स्थिर रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांचा ताल ताबडतोब पूर्ववत केला, निम्म्यांना वेग कमी करणारे औषध देऊन वाट पाहिली. वाट पाहिलेल्यांपैकी ६९ टक्क्यांचा ताल ४८ तासांत आपोआप परतला, आणि चार आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच होते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: २०२० च्या युरोपीय चाचणीत ताल लवकर सुधारल्याने लकवा आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी झाले. खरे आहे, आणि मी ती चाचणी मानतो. मात्र तिथे ‘लवकर’ म्हणजे निदानानंतर वर्षभरात, पहिल्या तासात नव्हे. आणि त्यातले सुमारे ९० टक्के रुग्ण गुठळीविरोधी औषधावर होते. याउलट २००२ च्या अमेरिकी चाचणीत ज्यांना लकवा झाला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी वॉरफरिन हे गुठळीविरोधी औषध सोडलेले होते किंवा त्यांच्या रक्तात त्याचा परिणाम अपुरा होता. ताल परतला म्हणून गोळी सोडण्याची किंमत यातून दिसते.

‘रक्त पातळ करायला ॲस्पिरिन पुरे’ हा समज तर मला सर्वांत जास्त छळतो. वॉरफरिन न झेपणाऱ्या ५,५९९ रुग्णांच्या २०११ मधल्या चाचणीत ॲपिक्सॅबान या नव्या गुठळीविरोधी गोळीवर वर्षाला १.६ टक्के, तर ॲस्पिरिनवर ३.७ टक्के रुग्णांना लकवा किंवा अन्यत्र गुठळी झाली. मोठ्या रक्तस्रावात फारसा फरक नव्हता. अर्थात गोळी सगळ्यांना लागत नाही. वय ६५ च्या आत, रक्तदाब नाही, मधुमेह नाही, हृदय सशक्त, पूर्वी लकवा नाही, अशांना बहुधा ती नकोच.

कारणही शोधावेच लागते. १९९१ च्या मे महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांना धावताना असा झटका आला. तपासात थायरॉइड वाढलेले निघाले. दारूचा सणासुदीचा अतिरेकही हा झटका आणतो.

झडप आवळल्याने हा विकार जडलेल्यांना मात्र नव्या गोळ्या चालत नाहीत. २०२२ च्या चाचणीत सांधेतापाच्या रुग्णांत रिव्हारॉक्सॅबानपेक्षा वॉरफरिनसारखी जुनी औषधेच सरस ठरली, आणि त्यांना रक्त साकळायला किती वेळ लागतो ते दाखवणारी आयएनआर तपासणी ठरल्या तारखेला हवीच. दिवाळीला गावी जाणाऱ्याने ती तारीख आधी उरकावी, गोळ्या पुरेशा बरोबर घ्याव्यात. गावी लाल भाजी, चेच भाजी, पुढे तिवरा भाजी भरपूर खाल्ली जाते. पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व वॉरफरिनचा जोर कमी करते. भाजी बंद करण्याचे कारण नाही. रोज साधारण सारखीच खावी, आणि परतल्यावर आठवड्याभरात पुन्हा रक्त तपासून घ्यावे.