चिमूटभर धूप

वकिलीच्या धंद्यात माणसाच्या हातून जी पापे घडतात ती बहुधा फी घेऊन घडतात. आमच्या हातून घडलेले एक पाप मात्र फुकट घडले, आणि म्हणूनच की काय, ते अद्याप आमच्या मानेवरून उतरलेले नाही.

दहाबारा वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावातील आमच्या कचेरीत एक गृहस्थ आले. शिवणयंत्रे दुरुस्त करण्याचा त्यांचा व्यवसाय; बोटांना तेलाचा वास, अंगात स्वच्छ धुतलेला पण इस्त्री न केलेला सदरा. ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे ते अनुयायी. त्यांच्या मुलीला शाळेने वर्गात बसू देणे बंद केले होते. अपराध एवढाच, की राष्ट्रगीत सुरू झाले म्हणजे ती इतर मुलांबरोबर ताठ उभी राही, पण गात नसे. देवाखेरीज अन्य कशाचेही स्तवन करू नये अशी त्यांच्या पंथाची शिकवण. आम्ही सारे ऐकून घेतले आणि मोठ्या व्यवहारज्ञानाचा आव आणून म्हणालो, “अहो, कोर्टात नुसत्या तारखा पडतील आणि पोरीचे वर्ष वाया जाईल. मनात काय ते असू द्या. ओठ हलवायला काय जाते?”

“उभी राहते ना ती, साहेब,” ते म्हणाले. मग क्षणभर थांबले, नमस्कार केला आणि निघून गेले.

कायदा त्यांच्या बाजूने नव्हता म्हणावे, तर तेही खरे नाही. केरळातील अशाच तीन भावंडांना शाळेत परत घ्या, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी दिलेला आहे. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांचे ते निकालपत्र आम्ही विद्यार्थिदशेत परीक्षेपुरते का होईना, पाठ केले होते. उभे राहणे हा आदर झाला; गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, आणि मौन हा अनादर नव्हे, असा त्याचा आशय. हे सर्व ठाऊक असून आम्ही त्या गृहस्थांना ओठ हलविण्याचा सल्ला दिला.

आमच्या या सल्ल्याला फार जुनी परंपरा आहे हे आम्हांस मागाहून कळले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी बिथिनिया प्रांतावर धाकटा प्लिनी हा रोमन अधिकारी होता. तोही मूळचा वकीलच. ख्रिस्ती म्हणून पकडून आणलेल्या लोकांना तो सम्राटाच्या प्रतिमेपुढे थोडा धूप आणि मद्य अर्पण करावयास सांगे. जो अर्पण करी त्यास सोडून देई. जो हट्टाने नकार देई त्यास देहान्त शिक्षा. या कारभाराचा अहवाल त्याने सम्राट ट्राजनला पत्राने कळविला, आणि ते पत्र आजही उपलब्ध आहे. प्लिनी काही क्रूर माणूस नव्हता. चिमूटभर धूपाने काय बिघडते, हेच त्याला मनापासून उमगत नसावे.

ज्यांना ते उमगते अशा लोकांचा एक विचारप्रवाह अमेरिकेत आहे. त्यांस ख्रिस्ती लिबर्टेरियन म्हणतात. आम्ही ख्रिस्ती नाही आणि लिबर्टेरियन तर नाहीच. तथापि गेली काही वर्षे या मंडळींचे म्हणणे आम्ही आस्थेने वाचत आलो आहोत. त्यांच्या मते माणसाच्या अंतःकरणावर धनीपणा एका देवाचा; म्हणून राज्यसंस्थेने तेथे पाय ठेवू नये, आणि एकंदरीतच तिचे हातपाय जितके आखूड तितके बरे. जुन्या करारातील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय हा त्यांचा आवडता आधार. इतर राष्ट्रांप्रमाणे आम्हांसही राजा हवा, असे इस्राएली लोक म्हणू लागले तेव्हा वृद्ध शमुवेलाने त्यांना बजावले, की राजा तुमचे मुलगे रथांपुढे धावण्यास नेईल, मुलींना स्वयंपाकघरात राबवील, धान्याचा दहावा हिस्सा उचलील आणि मग तुम्ही रडाल. लोकांनी ऐकले नाही. लोक सहसा ऐकत नाहीत.

अमेरिकेच्या भूमीवर या विचाराचा आद्य पुरुष म्हणून रॉजर विल्यम्सचे नाव घ्यावे लागेल. मॅसॅच्युसेट्सच्या प्यूरिटन सत्ताधाऱ्यांनी या धर्मोपदेशकाला १६३५ साली हद्दपारीची शिक्षा दिली. ऐन हिवाळ्यात तो तेथून निसटला आणि १६३६ मध्ये त्याने प्रॉव्हिडन्सची वसाहत स्थापन केली. यहुदी, तुर्क, नास्तिक कोणीही असो, श्रद्धेच्या बाबतीत राजसत्तेने कोणाच्या अंगाला हात लावू नये, असे तो म्हणे. त्याची स्वतःची श्रद्धा पातळ होती म्हणून नव्हे. श्रद्धा इतकी कडवी, की सक्तीने घडलेली उपासना देवाला दुर्गंधीसारखी वाटते अशी त्याची खात्री होती.

गोमंतकातील वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. १५६० साली सुरू झालेले इन्क्विझिशन मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. देव रातोरात नदीपार न्यावे लागले, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, १६८४ मध्ये कोकणीवर बंदीचे फर्मान निघाले, हे आपण जाणतोच. पण त्या न्यायासनाचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर होता, हे आपण पुष्कळदा विसरतो. धर्माच्या हाती राजदंड आला, तेव्हा त्याचा पहिला तडाखा त्या धर्मात आलेल्यांच्याच पाठीवर बसला.

आता ज्या खटल्यांसाठी आम्ही लेखणी उचलली त्यांकडे वळतो. पेनसिल्व्हेनियातील मायनर्सव्हिल हे कोळशाच्या खाणींचे गाव. तेथील एका किराणा दुकानदाराची दोन मुले, बारा वर्षांची लिलियन आणि दहा वर्षांचा विल्यम गोबायटिस, यांनी १९३५ साली शाळेत ध्वजाला वंदन करण्याचे नाकारले. तेही यहोवाचे साक्षीदार. त्या काळचे ध्वजवंदन म्हणजे उजवा हात ताठ पुढे करावयाचा. जर्मनीत हिटलरपुढे करीत तसाच जवळजवळ. आणि जर्मनीत याच पंथाचे लोक तो हात वर करीत नाहीत म्हणून छळछावण्यांत जात होते. मुलांना शाळेतून काढले, गावाने बापाच्या दुकानावर बहिष्कार घातला. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि ३ जून १९४० रोजी आठ विरुद्ध एक मतांनी मुले हरली. निकालपत्र फेलिक्स फ्रँकफर्टर यांचे. व्हिएन्नात जन्मलेला हा यहुदी विद्वान देशांतर करून आलेला, अल्पसंख्याकांची वेदना जाणणारा. पण राष्ट्राचे ऐक्य हा सुरक्षिततेचा पाया आहे आणि शाळा कशा चालवाव्यात हे न्यायाधीशांनी ठरवू नये, असे त्याने लिहिले. एकटे हार्लन स्टोन विरुद्ध गेले. निकालानंतर ठिकठिकाणी या पंथाच्या लोकांना मारहाण झाली. मेन राज्यात केनेबंक येथे त्यांचे सभागृह जाळण्यात आले.

तीन वर्षांत न्यायालयाने आपलाच निर्णय फिरविला. वेस्ट व्हर्जिनियातील बार्नेट कुटुंबाच्या खटल्यात १४ जून १९४३ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी मुले जिंकली. तो दिवस अमेरिकेचा ध्वजदिन. आणि वेळ कोणती? महायुद्ध ऐन भरात, घरोघरची मुले आघाडीवर. निकालपत्र लिहिणारे रॉबर्ट जॅक्सन हेच पुढे न्युरेंबर्गला अमेरिकेतर्फे मुख्य अभियोक्ता म्हणून उभे राहिले. आम्हां वकिलांना या निकालपत्रातील एक बारकावा विशेष मोलाचा वाटतो. ‘धर्म आड येतो म्हणून या मुलांना सूट’ एवढेच सांगून जॅक्सन यांना थांबता आले असते. त्यांनी तसे केले नाही. ज्यावर विश्वास नाही ते वदविण्याचा अधिकार शासनास मुळात कोणावरच नाही, असे त्यांनी ठरविले. चार ख्रिस्ती पोरांनी मार खाऊन मिळविलेले संरक्षण अशा रीतीने नास्तिकालाही लाभले.

एक गंमत सांगावयाची राहिली. ती ध्वजप्रतिज्ञा १८९२ साली लिहिली फ्रान्सिस बेलामी याने. तो बॅप्टिस्ट धर्मोपदेशक आणि वर समाजवादी! म्हणजे धूपही ख्रिस्ती हातांनी कुटलेला. प्रतिज्ञेत देवाचे नाव मुळीच नव्हते. ते १९५४ मध्ये, साम्यवादाशी झुंजताना, अमेरिकन काँग्रेसने घातले. देवाला अशा कामावर नेमलेले रॉजर विल्यम्सला खचित रुचले नसते.

आणि येथेच या विचारप्रवाहाची खरी परीक्षा आहे असे आम्हांस वाटते. सत्ता दुसऱ्याच्या हाती असता शमुवेल सर्वांनाच आठवतो. टेक्ससचे रॉन पॉल हे डॉक्टर, धर्माने बॅप्टिस्ट. इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध २००२ साली त्यांनी आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध मत दिले. जानेवारी २०१२ मध्ये साउथ कॅरोलायनातील वादसभेत ते म्हणाले, की दुसऱ्याने आपल्याशी जसे वागू नये असे वाटते तसे आपणही परराष्ट्रांशी वागू नये. शिकवण साक्षात ख्रिस्ताची, प्रदेश चर्चना जाणारा. आणि श्रोत्यांतून हुर्यो उठली. २०२४ साली लुइझियानाने प्रत्येक सरकारी शाळेच्या वर्गात बायबलमधील दहा आज्ञा टांगण्याचा कायदा केला, तक्त्याचे आकारमान निदान अकरा इंच गुणिले चौदा इंच. त्याविरुद्ध जे न्यायालयात गेले त्यांत धर्मोपदेशकही होते. त्यांना आम्ही विल्यम्सचे वारस समजतो. तक्ता टांगणाऱ्यांना नव्हे.

लिबर्टेरियनांच्या साऱ्याच म्हणण्याला आमची मान डोलत नाही. १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णी मुलांना आत जाता यावे म्हणून आयझेनहॉवरना सैन्य पाठवावे लागले. तेथे राज्यसंस्था आखूड असती तर ती मुले दारातच उभी राहिली असती. बार्नेट कुटुंबालाही अखेर वाचविले ते राज्यसंस्थेच्याच एका हाताने, दुसरा हात धरून. आणि खुद्द यहोवाचे साक्षीदार तर राजकारणात पडतच नाहीत, मतदानही करीत नाहीत. असो. कराचा दर काय असावा यावर त्या मंडळींशी भांडण्याची आमची तयारी आहे. जिभेच्या बाबतीत नाही.

हे सर्व आमच्या मनात उसळून आले ते एका क्षुल्लक निमित्ताने. २०२४ मध्ये कर्नाटकात दुकानांच्या फलकांवर साठ टक्के कन्नड असावे असा कायदा झाला. आमच्या मावसभावाचे कापडाचे दुकान. फलकावरील मराठी अक्षरे आक्रसणार म्हणून तो खिन्न होऊन बसलेला. आम्ही तावातावाने म्हणालो, “आपल्या दारावर काय लिहायचे ते आपण ठरवू!” फलक निराळा आणि जीभ निराळी, हे आम्हांस कळते, फलकावर मराठीला बंदीही नव्हती. तरी ते वाक्य तोंडातून निघाले आणि तेलाचा वास असलेली ती बोटे डोळ्यांपुढे उभी राहिली. सीमाभागातल्या माणसाने, ज्याच्या घरात भाषेच्या सक्तीविरुद्ध दोन पिढ्या मोर्चे निघाले, त्याने विचारावे की ओठ हलवायला काय जाते?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांचे दुकान शोधीत गेलो. त्याच बोळात, त्याच पायरीवर ते एका यंत्राचे पाते सैल करीत बसले होते. त्यांनी आम्हांस लगेच ओळखले, याचे आम्हांस बरे वाटले नाही. मुलीची चौकशी केली.

“दुसऱ्या शाळेत घातली होती,” ते म्हणाले. “तिथले हेडमास्तर म्हणाले, उभी राहते ना? मग पुरे. आता नर्स आहे ती.” मग हात पुसत त्यांनी विचारले, “साहेबांचे काही काम होते का?”

आईचे जुने शिवणयंत्र घरी आहे, ते मध्येच अडते, असे आम्ही सांगितले.

“घेऊन या,” ते म्हणाले, “बघू.”