ताबोर उतरताना

उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी प्रभूच्या रूपांतराचे शुभवर्तमान वाचले जाते, तेव्हा मी दरवर्षी थोडासा ओशाळतो. पेत्राचा तीन मंडप उभारण्याचा बेत ऐकून मंडळी मनातल्या मनात हसतात. मला हसू येत नाही. कारण १९९६ सालच्या उपवासकाळात मीही असाच एक मंडप ठोकून बसलो होतो, आणि डोंगराच्या पायथ्याशी, धुळ्याला, माझी आई अंथरुणाला खिळली होती.

त्या वेळी मी भुसावळला रेल्वेच्या कचेरीत कारकून होतो आणि जळगावला राहत होतो. वडील संगमनेर तालुक्यातून कामधंद्यासाठी धुळ्याला आले, कापडगिरणीत लागले, आणि देवपुरात दोन खोल्यांचे घर बांधून तिथेच वारले. त्या दोन खोल्यांवरून माझे आणि दादांचे बिनसले. दादांनी छप्पर नवे घातले व माझ्याकडे निम्मा खर्च मागितला. मी आधी घराचे कागद दाखवा म्हणालो. एवढेच. परंतु त्या एवढ्यावरून दोन वर्षे बोलणे बंद होते. १९९५ च्या दिवाळीनंतर आईला लकवा झाला. मी दरमहा मनीऑर्डर पाठवीत असे व कर्तव्य केल्याच्या समाधानात राहत असे. पत्नी मुलांना घेऊन तीनदा जाऊन आली. मी गेलो नाही. दार उघडायला दादा येणार, हे मला ठाऊक होते.

खानदेशातील आपले लोक कसे विखुरलेले आहेत हे वसई-मुंबईच्या वाचकांना कदाचित पटकन ध्यानात येणार नाही. कुणी रेल्वेमुळे आलेला गोवेकर, कुणी नगरकडचा शिक्षक, कुणी केरळातून आलेली परिचारिका, आणि सातपुड्याच्या पायथ्याचे आपले आदिवासी बांधव. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला तरी अंतरे काही कमी झाली नाहीत. अशा ठिकाणी आठवड्याची प्रार्थनासभा म्हणजे मोठाच आधार असतो. अमेरिकेत पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातील काही विद्यार्थी व शिक्षक १९६७ च्या फेब्रुवारीत एका प्रार्थनाशिबिरास बसले आणि तिथून कॅथलिकांमधील करिश्माई नवजीवनाची लाट उठली. ती पुढच्याच दशकात मुंबईला आली व यथावकाश आमच्यापर्यंतही पोहोचली. मी त्या लाटेला नावे ठेवणार नाही. तिने कितीतरी घरांतली दारू सोडवली आहे. आमच्याच गल्लीत सोडवली आहे.

तर त्या वर्षी मी एका पाच दिवसांच्या प्रार्थनाशिबिरास गेलो. तिसऱ्या रात्री, माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना चालू असताना, छातीत काहीतरी सैल झाले. ऊब आली. मी रडू लागलो व त्याच वेळी हसूही लागलो; पायांतले बळ गेले आणि मी जमिनीवर आडवा झालो. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मी कधी नव्हे इतका कुणाचा तरी होतो, एवढेच कळत होते. आज इतक्या वर्षांनी मागे वळून पाहतो तेव्हाही तो अनुभव खोटा होता असे म्हणायला माझी जीभ वळत नाही.

प्रेषित पौलाची गोष्ट पाहा. तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलले गेल्याचा आपला अनुभव तो करिंथकरांना कळवतो तो चौदा वर्षांनी. तोही कुणा तिऱ्हाइताची हकीकत सांगावी तसा, आणि लागलीच आपल्या शरीरातल्या काट्याकडे वळतो. मला चौदा तासही धीर निघाला नाही. परतीच्या गाडीत समोरच्या बाकावरच्या गृहस्थाला मी सर्व सांगून टाकले. घरी पोहोचताच पत्नीला सांगितले. तिने सगळे शांतपणे ऐकले व म्हणाली, “बरं झालं. मग आता आईंना बघायला धुळ्याला कधी जायचं?”

मला राग आला. मी स्वर्गाचे सांगतो आहे आणि ही बसचे विचारते!

त्यानंतरच्या रविवारी प्रार्थनासभेत मी साक्ष दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती ऊब हळूहळू ओसरली, आणि ती पुन्हा मिळावी म्हणून मी वर्षभरात आणखी तीन शिबिरे केली. रजा संपली, बिनपगारी घेतली. त्या प्रत्येक वेळी आई धुळ्यालाच होती. आणि प्रत्येक वेळी मी कोरडाच परतलो. शेजारचा माणूस रडे, पडे, हसे; मी दगडासारखा उभा. देवाने आपल्याला सोडले, अशी माझी खात्री होत चालली.

कचेरीत माझ्या शेजारी मुक्ताईनगरकडचे एक वारकरी गृहस्थ बसत. माझा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी खोदून विचारले, तेव्हा त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे चांगदेव तुमच्याकडेही असतात तर!” आमच्याच जिल्ह्यात तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवाचे जुने देऊळ आहे व तिथून जवळच मुक्ताबाईचे स्थान, महाशिवरात्रीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते. चौदाशे वर्षे जगलेला हा योगी वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघाला, अशी कथा आहे. तत्पूर्वी पत्र पाठवायचे तर मायना काय लिहावा हेच त्याला सुचेना, म्हणून त्याने कोराच कागद धाडला. एवढी वर्षे तप करून हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाली; आणि पुढे त्याच चांगदेवाने त्या लहान मुलीला गुरू केले. सिद्धी वेगळी आणि भावावस्था वेगळी, हे मला कळत होते. तरी तो कोरा कागद मनातून जाईना.

अखेर एका वृद्ध फादरांकडे पापनिवेदनाला गेलो. पाप म्हणून मी सांगितले ते काय, तर प्रार्थनेत गोडी वाटत नाही! फादरांनी विचारले, “आई कशी आहे?” मी म्हणालो, अजून गेलो नाही. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्यांनी मला थांबायला सांगितले आणि खोलीतून एक जीर्ण इंग्रजी पुस्तक आणून दिले. आविलाच्या संत तेरेजाने लिहिलेले, आत्मा म्हणजे सात महालांचा किल्ला अशा कल्पनेवर रचलेले. “शेवटचा महाल आधी वाचा,” एवढेच ते म्हणाले.

संत तेरेजा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो रोममधला बेर्निनीचा संगमरवरी पुतळा: मिटलेले डोळे, मागे कललेली मान, समोर बाण धरलेला देवदूत. भावसमाधीची ही मूर्तिमंत राणी! तिच्या अशा अवस्था इतरांदेखतही येत. तिला त्यांची लाज वाटे. प्रार्थनामंदिरात असे काही होऊ लागले तर मला धरून ठेवा, असे तिने सोबतच्या सिस्टरांना बजावले होते. मी शब्दकोश जवळ घेऊन रात्री वाचू लागलो, ते माझ्या हरवलेल्या उबेचा पत्ता तिच्याकडे मिळेल या आशेने.

आणि सातव्या महालात काय लिहिलेले होते? तिथे पोहोचल्यावर त्या समाधी, ते भान हरपणे, जवळजवळ थांबते. तिचे तिलाच याचे नवल वाटते. कदाचित आत्म्याला आता बळ आले असेल, असे ती म्हणते. मग इतक्या वर पोहोचून माणसाने करायचे काय? तर काम. मार्था आणि मरिया या दोघींनी मिळून प्रभूचे आतिथ्य करायचे. एकीनेच पायाशी बसून राहिले तर त्याला जेवायला कोण घालणार, असा तिचा रोकडा सवाल आहे. १५७७ च्या जूनमध्ये तिने हे लिहायला घेतले व नोव्हेंबरअखेर संपवले. तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती, आजारी होती, आणि तिने काढलेल्या मठांवर चहूकडून संकटे आली होती. तरुणपणी प्रार्थनेचा तास केव्हा संपतो इकडे आपले कान लागलेले असत, हेही तिने आत्मचरित्रात न लपवता लिहिले आहे. ते वाचून मला, खरे सांगतो, फार हायसे वाटले.

मग मी पुस्तक पुढून वाचले. चौथ्या महालात एक सिस्टर भेटते. उपासतापास करून अशक्त झालेली, आणि आठ-आठ तास निश्चल पडून राहणारी. सगळ्यांना ती समाधी वाटते. तेरेजा तिला पोटभर जेवायला व झोपायला लावते. समाधी नाहीशी होते. मठांच्या स्थापनेविषयी तिने लिहिलेल्या दुसऱ्या पुस्तकातली मेदिना देल काम्पोची हकीकत फादरांनी मला पुढे कधीतरी सांगितली. तिथल्या दोन सिस्टरांना प्रभूची ओढ इतकी अनावर की रोज सकाळी ख्रिस्तशरीर स्वीकारले नाही तर आपण मरू, असे त्यांना वाटे. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनाही ते पटलेले. तेरेजा त्या मठात आली व म्हणाली, मलाही अशीच ओढ आहे. उद्या आपण तिघीही ख्रिस्तशरीर घ्यायचे नाही. मरायचेच तर तिघी मिळून मरू. कुणी मेले नाही, आणि दोघी हळूहळू ताळ्यावर आल्या. हे सांगताना फादर इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली.

त्यांचा दुसरा आवडता संत योहान. हा क्रूसभक्त योहान तेरेजाचा सहकारी. १५८५ साली तो संघाच्या सभेसाठी लिस्बनला गेला. त्या वेळी तिथल्या एका सिस्टरच्या अंगावर प्रभूच्या जखमा उमटतात म्हणून मोठमोठे धर्मपंडित दर्शनाला लोटत होते. सोबत्यांनी आग्रह केला, तरी हा गेला नाही. बायबल घेऊन समुद्रकाठी बसला. तीन वर्षांनी चौकशी झाली, तेव्हा त्या जखमा साबणाने धुतल्या गेल्या. परंतु त्या खोट्या निघाल्या म्हणून योहान शहाणा ठरतो असे नव्हे. खऱ्या असत्या तरी तो गेला नसता, असे मला वाटते.

पाचव्या महालातला एक मजकूर मात्र मला पुस्तक बाजूला ठेवायला लावणारा होता. प्रार्थनेत रमलेल्या माणसाला जवळ कुणी आजारी दिसले, तर ती गोडी सोडून बेलाशक उठावे, काही बिघडत नाही. देवाशी खरे ऐक्य ते हेच, अशा अर्थाचे तेरेजाने लिहिले आहे. मी दिवा मालवला. पत्नी जागीच होती. म्हणालो, “रविवारी धुळ्याला जातो.” ती म्हणाली, “डबा देते.”

मिस्सा आटोपून एस.टी.ने निघालो. एरंडोल गेले, पारोळा आले. पारोळ्याला भुईकोट किल्ला आहे, खंदक असलेला. तेरेजाच्या किल्ल्याभोवतीही असेच सरपटणारे प्राणी आहेत, आणि माणूस आत शिरला की तेही त्याच्याबरोबर पहिल्या महालात घुसतात. मी बसमध्ये बसून दादांना काय काय सुनवायचे ते जुळवीत होतो.

दार दादांनीच उघडले. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. वहिनींनी पाणी दिले. आतल्या खोलीत आई होती. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, पण डोळे ओळखत होते. मला वाटले होते, आता ती ऊब येईल. ‘तू आलास’ असे प्रभू कुठेतरी आत म्हणेल. काहीही झाले नाही. खोलीत फिनाईलचा वास होता व पंखा कुरकुरत होता. दादांनी बादली आणली, धोतर वर खोचले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “धर तिकडून.”

मी धरले. दोघांनी मिळून आईला कुशीवर वळवले. पाठीवर एकही जखम नव्हती. दीड वर्ष अंथरुणात पडलेल्या माणसाच्या पाठीवर जखम नसणे म्हणजे काय, हे ज्यांनी असे आजारपण काढले आहे त्यांना सांगायला नको. आणि हे दादा कोण? जे रविवारी प्रवचन सुरू झाले की भिंतीला टेकून डोळे मिटतात, ज्यांनी जन्मात एकाही प्रार्थनासभेत हात वर केलेले नाहीत, ते!

पुढे दोन वर्षे, एक रविवार सोडून एक, मी जात राहिलो. धुळ्याला रविवारांची एक जुनी कहाणी आहे. १९३२ साली तिथल्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. माझ्या रविवारांत लिहून घेण्यासारखे काही नव्हते. नखे कापणे, चादर बदलणे, चमच्याने पेज भरवणे. कधी बरे वाटे, बहुधा वैताग येई. १९९९ च्या जानेवारीत आई गेली.

२००७ साली मदर तेरेसांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा आमच्या प्रार्थनासभेतले कित्येक जण बिथरले. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत ज्यांना प्रभूची हाक स्पष्ट ऐकू आली, त्यांनी पुढची जवळजवळ पन्नास वर्षे बहुतेक अंधारातच काढावीत? एका भगिनीने तर मला विचारले, “मग त्या रोज सकाळी उठत कशाच्या जोरावर असतील?” मला उत्तर देता आले नाही. मला त्या वेळी दादांची बादली आठवली. पण ते सभेत कसे सांगणार?

आईची माती झाली त्या दिवशी संध्याकाळी दादा मला धुळ्याच्या स्टँडवर सोडायला आले होते. घराच्या कागदांचा विषय तोवर कुणी काढला नव्हता, त्यांनीही काढला नाही. थोडा वेळ उभे राहून ते म्हणाले, “वहिनी सांगत होती, तुला मागे त्या शिबिरात काहीतरी झालं होतं म्हणे. काय झालं होतं रे?”

इतक्या दिवसांत त्यांना सांगायचे राहूनच गेले होते. मी सांगू लागलो, ती ऊब, ते रडणे, ते जमिनीवर पडणे. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले. मग विचारले, “बरं, आणि मग?”

एवढ्यात जळगावची गाडी लागली.