मागचा पाय

‘रस्त्यास अडथळा नाही, पादचारी सुरळीत ये-जा करतात, सबब अर्ज दप्तरदाखल’ असा शेरा मारून माझा अर्ज एका कचेरीने निकाली काढला, त्यास बराच काळ लोटला, परंतु त्या शेऱ्याची चीड अद्याप ओसरलेली नाही.

ठाण्यातील माजिवड्याचे वर्णन करण्याचे प्रयोजन नाही. पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिकचा रस्ता आणि घोडबंदर रस्ता यांच्या संगमावर वसलेल्यांनी पायी चालावे ही अपेक्षा आता कोणी बाळगतही नाही. आमच्या पदपथावर एका बाजूस विजेची पेटी, दुसऱ्या बाजूस कठडा आणि मध्ये, कोण्या ठेकेदाराने आडवी टाकून विसरलेली, वीतभर उंचीची लोखंडी नळी. कल्याणहून आलेल्या माझ्या मावशीचा पुढचा पाय त्या नळीवरून निर्वेध गेला. मागचा अडकला आणि मनगट मोडले.

ही गोष्ट केवळ वार्धक्याची नव्हे. सपाट जमिनीवर चालताना आपला चवडा भूमीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर उचलला जातो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे आफ्ताब पाटला यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिले आहे की, अडथळा आपण आधीच्या पावलांत पाहून घेतो. प्रत्यक्ष ओलांडताना नजर पुढे गेलेली असते, आणि मागचा पाय तर डोळ्यांना दिसतच नाही, तो निव्वळ स्मृतीच्या आधाराने उचलावा लागतो. बोलण्याच्या ओघात ती स्मृती जरा ढळली की संपले.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर सांगितली आहे. १४ मे २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथाचा हक्क संविधानाच्या २१व्या अनुच्छेदात अंतर्भूत असल्याचे म्हटले. हे सारे मी अर्जात सुवाच्य अक्षरांत नमूद केले होते. त्यावर पाहणीस आलेल्या इसमाने काय करावे? तो अर्धी घटका तेथे उभा राहिला, आणि शाळकरी मुले, भाजीची पाटी घेतलेल्या बाया, भ्रमणध्वनीवर बोलणारे कारकून असे सगळे नळी ओलांडून गेले, एवढा पुरावा त्यास पुरला. म्हणजे आम्ही पडलो नाही, हाच आमच्याविरुद्धचा दाखला! शंभर माणसे आपापले पाऊल आखूड-लांब करून जी सोय स्वतःच्या अंगावर ओढून घेतात, ती सरकारजमा होते.

आणि तरी खरे सांगायचे तर, संध्याकाळी गच्चीतून ती गर्दी पाहताना मला कौतुकच वाटते. कोणी गप्पा तोडत नाही, कोणी खाली पाहत नाही, आणि तरी पाय नेमका उचलला जातो. वृद्धांबरोबर असाल तर मात्र त्यांचा दुसरा पाय टेकेपर्यंत हात सोडू नये.

शेजारच्या निवृत्त पेशकारांनी क्ष-किरण छायाचित्र जोडून पुन्हा अर्ज करण्याचा सल्ला दिला. छायाचित्र मागितले, तर मावशी म्हणाली, “अरे, मी पडले त्यात नळीचा काय दोष? बाकीचे जातातच ना!”