वाचलेलं पाणी कोणाचं?

पणदरे, ता. बारामती
5 ऑक्टोबर 2025

चि. बाळास,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी खोडव्यात होते. रेंज जात-येत होती. तू एका दमात तीन गोष्टी विचारल्यास. उसाला ते एआयचं घ्यावं का, ऊसबिलातले दोन लाख मित्र म्हणतो तसे ऑप्शनला लावावेत का, आणि सरकारच्या योजनांवर किती विसंबावं. मी नुसतं 'बघू' म्हणाले. तेव्हापासून भाकरी थापताना, दारं धरताना तेच डोक्यात आहे, म्हणून आज कागद घेऊन बसले. आईला हे वाचून दाखव. तिला फोनवर नीट ऐकू येत नाही.

ऑप्शनचं आधी सांगून टाकते. लावू नकोस. सेबीनेच गेल्या वर्षी सप्टेंबरात जाहीर केलं की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या शंभरातल्या त्र्याण्णव साध्या माणसांनी पैसे घालवले, आणि सगळ्यांचा तोटा मिळून 1 लाख 80 हजार कोटींच्या वर गेला. आपल्याकडे पाऊस गेला तरी पाचट राहतं, वाढं राहतं, जमीन राहते. तिथं काही राहत नाही. मित्राने एकदा कमावले असतील, तू त्याला तीन वर्षांचा हिशेब विचार. दर महिन्याला थोडे थोडे म्युच्युअल फंडात टाकायचे असतील तर टाक. पण खतवाल्याची उधारी आणि सोसायटीचं कर्ज आधी.

आता उसाचं. जानेवारीत मी कृषिक प्रदर्शनाला गेले होते. कृषी विज्ञान केंद्राच्या प्लॉटवर उसापेक्षा माणसांचीच गर्दी जास्त होती. शेतात एक खांब, त्यावर वारा, पाऊस, ऊन, दमटपणा मोजणारी यंत्रं. मातीत सेन्सर पुरलेले, ते ओल सांगतात, क्षार सांगतात. वरून उपग्रहाची छायाचित्रं येतात. हे सगळं एकत्र करून मोबाइलवर मराठीत निरोप येतो, की या कोपऱ्यात आज इतका वेळ पाणी द्या, तिकडं देऊ नका, अमुक ठिकाणी पीक पिवळं पडतंय. मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या माणसांना बरोबर घेऊन इथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने हे उभं केलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी बारामतीच्या उसाचं नाव घेतलं तेव्हा आमच्या चावडीवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मला स्वतःला फार बरं वाटलं. आपल्या बापाने, तात्यांनी, ओल बघायला आयुष्यभर मुठीत माती दाबून पाहिली. तेच काम आता सेन्सर करतोय, आणि ते शिकण्यासारखं आहे.

पैशाचं गणित मी पेनाने मांडून बघितलं. या योजनेत हेक्टरी 25,000 खर्च धरला आहे. त्यात 9,250 वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे, 6,750 कारखान्याचे आणि आपले 9,000. म्हणजे एकराला 3,600. या 2025-26 हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला रास्त दर, 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा जाते, तरी एकरी दीड टन ऊस वाढला की पैसे फिटले. ट्रस्टचे लोक तीस-चाळीस टक्के वाढीचं बोलतात. तेवढं सोड, दीड टनही वाढणार नाही असं मला वाटत नाही. तेव्हा पैशाला भिऊन मागं राहू नकोस. आपल्याकडे नवं काही आलं की 'शेतकरी अडाणी, लवकर घेत नाही' असं बोलायची पद्धत आहे. ते खोटं आहे. ठिबक आम्ही घेतलं, रोपांची लागण घेतली, पाच फुटी सरी घेतली. जे पटलं ते घेतलंच.

माझी अडचण वेगळी आहे, आणि ती तुझ्या जमिनीत जास्त जाणवेल. निरोप येणार, 'आज पाणी द्या'. पाणी कुठून देशील? तुझं शेत नीरा डाव्या कालव्याच्या टेलला, अगदी शेवटी. आवर्तन वर सुटतं, आमच्याकडून खाली जाता जाता तुमच्या चारीत गुडघाभर यायचं ते पाऊलभर येतं. कधी पाळी संपते तरी येत नाही. तुला आठवतं का, तात्या बॅटरी घेऊन रात्र-रात्र चारीच्या तोंडाशी बसायचे, मी त्यांचा डबा घेऊन जायचे आणि तू माझ्या पदराला धरून यायचास? पाणी आलं की ते कारखान्याच्या डायरीत तारीख लिहायचे. आलं नाही तरी तारीख लिहून पुढं फुली मारायचे.

आणि वर, इथं पणदऱ्यात माझं उलटं होतं. मी ते ॲप घेतलं असं समज. निरोप येईल, 'ओल पुरेशी आहे, पाणी देऊ नका'. पण पाळी माझी आज आहे. आज सोडून दिली तर पुढची कधी, कोण सांगणार? म्हणून ओल असूनही मी दारं धरणार. सगळेच धरतात. यात लोभ कमी आणि धास्ती जास्त. उसाच्या मुळाला काय हवंय ते यंत्राला कळतं, पण कालव्याची पुढची तारीख त्यालाही माहीत नाही. एवढी एक गोष्ट ठरली, आवर्तनाची तारीख आणि माप आधी कळलं आणि पाळलं गेलं, तर अर्धं पाणी सेन्सर नसतानाही वाचेल.

तसंच विजेचं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला एप्रिल 2024 पासून वीजबिल माफ झालं. ज्याच्या डोक्यावर थकबाकी होती त्याला ते जीवदान आहे, माझा त्याला विरोध नाही. पण आमच्या शिवारात जवळजवळ प्रत्येक मोटरला ऑटो स्टार्टर आहे. वीज आली की मोटर आपोआप चालू. मागच्या उन्हाळ्यात आमचीच पाइपलाइन रात्री दोनला फुटली आणि सकाळपर्यंत पाणी रस्त्याने वाहत होतं. मला शरम वाटली. बिल यायचं असतं तर आम्ही उठून गेलो असतो. पाण्याची पट्टी क्षेत्रावर, वीज फुकट, आणि मग पाणी वाचवायला सांगणारं यंत्र घ्यायला अनुदान. एकाच सरकारचे हे तीन हात तीन दिशांना ओढतात.

जास्त पाण्याने काय होतं ते मी रोज बघते. आमच्या खालच्या बांधाला दहा गुंठे चोपण आहे. उन्हाळ्यात पांढरं मीठ वर येतं, चपलेखाली चरचरतं. सासरे म्हणायचे, त्यांच्या आज्याच्या वेळी तिथं जोंधळा व्हायचा. हा कालवा 1885 चा. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळानंतर माणसं जगवायला काढलेला. आणि 1910 साली, म्हणजे पंचवीसच वर्षांत, हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे या शेतीखात्याच्या दोघांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अख्खी पुस्तिका लिहावी लागली. पंचवीस वर्षं, बाळ! लागण-खोडव्याची दहा-बारा आवर्तनं. पाणी आणायचं तंत्र आलं, ते किती घ्यायचं याचा नियम आला नाही, निचऱ्याचा विचार मागाहून आला, आणि नुकसान ज्याच्या जमिनीत मीठ फुटलं त्याचं.

नियम करू पाहणारा एक माणूस होता. विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्यात इंजिनिअर होते. याच कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत बसवली. एकाच गावाने सगळा ऊस करून पाणी ओढायचं नाही. गटातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस, बाकीत दुसरी पिकं, आणि ते आलटून पालटून. पाणी जास्त गावांना पुरावं आणि जमीन दलदल होऊ नये म्हणून. बागायतदारांनी सुरुवातीला विरोध केला. मी त्या वेळी असते तर कदाचित मीही केला असता, कारण वरच्याला आपला हिस्सा नेहमी हक्काचाच वाटतो. पण टेलच्या घरात वाढले म्हणून मला ती ब्लॉक पद्धत कुठल्याही धरणाएवढी मोठी वाटते. पाणी मोजून वाटावं, इतकंच तिचं म्हणणं होतं.

आता मुद्द्यावर येते. सेन्सर लावून मी माझ्या तीन एकरांत निम्मं पाणी वाचवलं, तर ते वाचलेलं पाणी कोणाचं? तुला वाटेल, खाली तुला येईल. येणार नाही. माझ्या शेजारी दोन एकर जिराईत पडलंय, तिथं नवी लागण होईल. नाहीतर मीच वाढवेन. वाचलेलं पाणी चारीत राहिलं पाहिजे आणि खाली पोचलं पाहिजे, असं कुठल्या ॲपमध्ये लिहिलेलं नाही. ते कायद्यात आणि कालव्याच्या दरवाज्यावर लिहावं लागतं. कायदाही आहे. 2005 चा सिंचन व्यवस्थापनाचा, पाणी वापर संस्थांनी पाणी मोजून घ्यावं आणि आपसात वाटावं असा. नाशिकजवळ ओझरला बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी वाघाड धरणावर कायद्याच्याही आधीपासून हेच करून दाखवलं. तिथले शेतकरी घनमापावर पाणी घेतात, पट्टी स्वतः गोळा करतात आणि द्राक्षं पिकवतात. त्यांना उपग्रह लागला नाही. तिथं सेन्सर आला तर मात्र त्याचं सोनं होईल, कारण वाचलेल्या पाण्याला तिथं मालक आहे.

राज्याने या जूनमध्ये शेतीतल्या एआयचं धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी ठेवले. माझं मत कोणी विचारलं तर मी म्हणेन, त्यातले थोडे पैसे फाट्या-चाऱ्यांवर मोजमापाला घाला. प्रत्येक चारीत किती पाणी सुटलं आणि टेलला किती पोचलं हे रोज गावाच्या मोबाइलवर आलं पाहिजे. माझ्या उसाची तहान जगाला कळते आणि कालव्याची गळती कोणाला कळत नाही, हे कसलं शहाणपण? मेच्या शेवटच्या आठवड्यात मोठा पाऊस झाला आणि पिंपळी-लिमटेकजवळ कालवा फुटला, तेव्हा काटेवाडीकडे लोकांच्या घरात पाणी शिरलं. 140 वर्षांचा भराव आहे तो. त्यालाही दोन सेन्सर लावा की.

सरकारवर किती विसंबावं, असं तू विचारलंस. इथेनॉलचं आठव. कारखान्यांना सांगितलं, डिस्टिलऱ्या काढा, कर्ज घ्या, पेट्रोलमध्ये मिसळू. त्यांनी काढल्या, आपण सभासद म्हणून माना डोलावल्या. 7 डिसेंबर 2023 ला ऐन गाळपात हुकूम आला, उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. पुढं थोडी ढील दिली, नंतर बंदी उठवली, पण त्या मधल्या काळाचं व्याज कोणी भरलं? साखरेचा किमान विक्री दर 2019 च्या फेब्रुवारीपासून किलोला 31 रुपयांवर आहे, आणि एफआरपी तेव्हाच्या 2,750 वरून आज 3,550 वर गेली. एफआरपी वाढावीच, ती आपल्या घामाची आहे. पण दोन आकड्यांमधली ती फट कारखान्याच्या कर्जात जाते, आणि कारखाना आपला आहे. म्हणून योजना घ्यायची, पण तिच्यावर घर उभं करायचं नाही. ज्या निर्णयाची झळ आपल्याला बसणार आहे त्याची तारीख आधी कळावी, आणि तो फिरवला तर भरपाई मिळावी, एवढं तरी मागायला आपण शिकलं पाहिजे. उसाला पीक विमाही नाही. फटका बसला की तो सरळ चुलीपर्यंत येतो.

तर तू असं कर. दोन लाखांतून आधी शेततळ्याचा कागद आणि विहिरीचा गाळ. आडसाली अर्धी ठिबकवर आण. मग येत्या लागणीला एक एकर त्या योजनेत घाल, शेजारची एक एकर नेहमीसारखी ठेव. दोन्हीला पाणी किती, खत किती, टनेज किती, हे वहीत लिहायचं. निरोप चुकला तर तेही लिही आणि कृषी विज्ञान केंद्रात जाऊन सांग. ती माणसं ऐकून घेतात, मी अनुभवलं आहे. मीही इकडं एक एकर घालणार आहे. तुझ्या दाजींशी बोलणं झालंय.

भाऊबीज 23 तारखेला आहे. आदल्या दिवशीच ये. येताना माळ्यावरच्या तात्यांच्या डायऱ्या घेऊन ये, वाळवी लागली असली तरी सगळ्या आण. माझ्याकडे इथल्या पाळ्यांची वही 2011 पासूनची आहे. त्यांच्या आणि तुझ्या तारखा एका बाजूला, माझ्या दुसऱ्या बाजूला अशा मांडून आपण दोघं शाखा अभियंत्याकडे जाणार आहोत. वर किती दिवस पाणी होतं आणि खाली किती फुल्या होत्या, ते एका टेबलावर दिसू दे. ओवाळणीला दुसरं काही आणू नकोस.

आईची औषधं वेळेवर दे. भावजयीला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझी,
ताई