विक्रांतच्या पोटातला उजेड

जुनी ‘आयएनएस विक्रांत’ 700 फूट लांब होती. तिला 350 ने भागलं की ती 61 सेंटिमीटरची होते आणि जेवणाच्या टेबलावर मावते; घरच्यांनी काही महिने जेवायला दुसरीकडे बसायचं, एवढंच. त्याच हिशेबाने डेकवरचा खलाशी 5 मिलिमीटरचा होतो आणि ‘सी हॉक’ विमान या पंखापासून त्या पंखापर्यंत 34 मिलिमीटरचं. प्लॅस्टिकची शीट, पितळेची तार, पॉलिश पेपर, चिमटा आणि भिंग घेऊन मॉडेल करायला बसणाऱ्या माणसाला हा भागाकार पाठ असतो. समोर दिसेल त्या वस्तूला तो मनातल्या मनात 350 ने भागत राहतो.

जहाजाच्या पोटात दिवे लावायचे म्हटलं की मात्र हा साधा भागाकार पुरत नाही. मॉडेल 60 सेंटिमीटरवरून बघणारा माणूस खऱ्या जहाजाच्या हिशेबात 210 मीटरवर उभा असतो. तेवढ्या अंतरावरून खऱ्या दिव्याचा जेवढा उजेड डोळ्यांपर्यंत पोचेल, तेवढाच या मॉडेलमधून पोचायला हवा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. म्हणून लांबीला 350 ने एकदा भागायचं आणि दिव्याच्या तेजाला दोनदा, म्हणजे 1,22,500 ने. पूर्वी घरोघरी असायचा तो 60 वॉटचा पिवळा बल्ब साठेक कॅन्डेला तेजाचा. त्याला या आकड्याने भागलं तर कॅन्डेलाचा जेमतेम दोन हजारावा हिस्सा हाती उरतो. बाजारात मिळणारा कणभर एलईडी पूर्ण करंटवर याच्या शेकडो पट तळपतो. दिव्यांचं मॉडेल फसलं की बहुतेक वेळा जास्त उजेडानेच फसलेलं असतं, याचं कारण हे.

त्याआधी आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो: कुठली विक्रांत? हे जहाज ‘हर्क्युलिस’ नावाने इंग्लंडमध्ये 22 सप्टेंबर 1945 रोजी पाण्यात उतरलं आणि युद्ध संपल्यामुळे अर्धवटच राहिलं. 1957 मध्ये ते भारताने घेतलं, बेलफास्टला पुरं करून घेतलं आणि 4 मार्च 1961 रोजी ते नौदलात दाखल झालं. त्या वर्षीची विक्रांत वेगळी आणि निवृत्तीच्या वेळची वेगळी. ऐंशीच्या दशकात ‘सी हॉक’ जाऊन ‘सी हॅरियर’ आली, आणि पुढे नाकाशी वर उचललेला स्की-जंप बसला तेव्हा तर जहाजाचा चेहराच बदलला. स्की-जंप असलेल्या डेकवर ‘सी हॉक’ उभं करणं म्हणजे पेशवाईतल्या नाटकात मनगटी घड्याळ. जाणकार प्रेक्षक पहिल्या नजरेत पकडतो. तेव्हा वर्ष आधी ठरवायचं, आणि दिवे लावायचे असतील तर वर्षासोबत तारीख आणि वेळही.

इथे मोह होतो तो डिसेंबर 1971 चा. विक्रांतच्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे दिवस. 4 डिसेंबरला बंगालच्या उपसागरातून तिच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले. पण त्या रात्रीचं प्रामाणिक मॉडेल करायचं तर एकही दिवा लावता येणार नाही. युद्धातलं जहाज रात्री काळंकुट्ट असतं. पोर्टहोलवर आतून लोखंडी झाकणं आवळलेली असतात. डेकवर उघडणाऱ्या दारांना असा स्विच असतो की दार उघडताच आतला दिवा विझावा. आतही, ज्यांना पाळीवर बाहेर काळोखात जायचं असतं त्यांच्यासाठी लाल दिवे, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका तिरिपेत तो सराव मोडतो. लाल उजेडात तो बराचसा टिकतो. त्याच दिवसांत मुंबईतही काचांना काळे कागद चिकटवले होते आणि मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला होता. शहर आणि जहाज, दोघांचा खटाटोप एकच, उजेड बाहेर जाऊ द्यायचा नाही.

उजेड आणि लढाऊ जहाज यांचं वैर तसं फार जुनं. लाकडी जहाजांच्या काळात दारूच्या कोठारात दिवा न्यायचीच सोय नव्हती. ठिणगी पडली की सगळंच संपलं. पण अंधारात दारू मोजणार कशी? त्यावर तोड अशी काढली की कोठाराच्या शेजारी एक वेगळी बंद खोली बांधायची, तिला जायचा रस्ताही वेगळा ठेवायचा आणि मधल्या भिंतीत जाड काच बसवायची. कंदील या खोलीत जळायचा आणि उजेड तेवढा काचेतून पलीकडे जायचा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागातून बांधलेलं ‘ट्रिंकमली’ 1817 चं. ते आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे पाण्यावर उभं आहे. त्या पिढीची जहाजं अशीच, उजेडाला सोवळ्यात ठेवणारी. दिवा एका जागी आणि उजेड दुसऱ्या जागी, ही युक्ती मॉडेल करणाऱ्यांनी जशीच्या तशी उचलली आहे. त्याबद्दल पुढे.

तर 1971 बाद झालं. उरली ती सणाची रात्र. तोच 4 डिसेंबर पुढे नौदल दिन झाला, कराचीवरच्या क्षेपणास्त्र बोटींच्या हल्ल्याची आठवण म्हणून. त्या संध्याकाळी गेटवेसमोर नांगरलेली जहाजं दिव्यांच्या माळांनी उजळतात. ज्या रात्री काळोखाच्या आडून हल्ला केला, त्या रात्रीचा उत्सव दिव्यांनी करायचा, हे मोठं गमतीचं आहे. पण मुंबईकराला युद्धनौका आठवते ती अशीच, लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून बघितलेली, पाण्यावर रेषा ओढल्यासारखी. मॉडेलसाठी सत्तरच्या दशकातला असा एखादा 4 डिसेंबर घ्यावा. स्की-जंप नाही, हँगरमध्ये ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ विमानं, आणि दिवे लावायला परवानगी.

आता प्रत्यक्ष काम. दिवे लावण्याचं काम म्हणजे पंचाहत्तर टक्के काळा रंग. मॉडेलचं प्लॅस्टिक दीड-दोन मिलिमीटर जाडीचं असतं आणि ते उजेड आरपार सोडतं. आत दिवा लावून बत्ती घालवली की पोर्टहोल राहतात बाजूला आणि अख्खं जहाज आकाशकंदिलासारखं गुलाबी-पिवळं उजळतं. म्हणून आतून आधी काळ्या रंगाचे दोन-तीन हात, त्यावर पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा तो खोलीतल्या खोलीत फिरवतो. जिथे दोन भाग जुळतात तिथे केसाएवढी फट राहतेच, आणि दिवसा न दिसणारी ती फट रात्री तलवारीच्या पात्यासारखी चमकते. तिच्यात पुट्टी भरायची, वाळली की घासायची, पुन्हा रंग द्यायचा, पुन्हा अंधार करून बघायचं. दोन खोल्यांच्या मधल्या भिंती विसरून चालत नाही. एका खोलीचा उजेड शेजारच्या बंद खोलीच्या पोर्टहोलमधून डोकावला की जहाज पोकळ आहे हे बिंग फुटतं. सगळे पोर्टहोल उजळायचे नाहीत, हीसुद्धा समज यायला वेळ लागतो. खऱ्या जहाजावर कुणी झोपलेलं असतं, कुणी पाळीवर गेलेलं, कुठे झाकण लावलेलं. दहातले चार उजळले तरी पुष्कळ.

पोर्टहोल पाडायचे ते हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने. फूटभर व्यासाचं भोक 350 ने भागलं की 0.9 मिलिमीटरचं होतं. मोटरचं ड्रिल इथे घात करतं. वेगाने प्लॅस्टिक वितळतं आणि भोकाला कडेला मिशा फुटतात. आधी सुईने खूण, मग दोन बोटांत धरून हळूहळू फिरवायचं. रांग सरळ हवी. एक भोक अर्धा मिलिमीटर वर गेलं तर खऱ्या जहाजात ती खिडकी अर्धा हात वर गेली. काच म्हणून पारदर्शक वाळणाऱ्या गोंदाचा एक थेंब काडीच्या टोकाने भोकावर फिरवायचा; तो पडदा धरतो आणि वाळल्यावर किंचित आत खचतो, तो खच खऱ्या काचेसारखाच दिसतो.

दिवे आणायचे ते मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून, पुण्यात बुधवार पेठेतून. पूर्वी गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब मिळायचे. ते तापायचे, प्लॅस्टिक मऊ करायचे आणि जहाज बंद करून झालं की आठवडाभरात त्यातला एखादा उडायचा. एलईडीने ती कटकट संपवली. सर्वांत लहानांपैकी एक जात 1 मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद. भिंगाखाली त्याला केसासारखी इनॅमलची तार सोल्डर करताना श्वास रोखावा लागतो. जोरात सोडला तर एलईडी फरशीवर, आणि फरशीवर पडलेला एलईडी परत सापडल्याचं ऐकिवात नाही. पण एवढासा दिवासुद्धा 350 पट केला की 35 सेंटिमीटरचा होतो, म्हणजे खलाशाच्या छातीएवढा. डोलकाठीवर तो बसवला तर हसं होईल. तिथे लाकडी जहाजांतली जुनी युक्ती कामाला येते, म्हणजे दारूच्या कोठाराची. दिवा खाली पोटात ठेवायचा आणि पाव मिलिमीटर जाडीचा प्रकाशतंतू डोलकाठीच्या पोकळ नळीतून वर न्यायचा. पाव मिलिमीटर गुणिले 350 म्हणजे पावणेनऊ सेंटिमीटर, खऱ्या दिव्याच्या काचेएवढं. तंतूचं टोक गरम सोल्डरिंग गनजवळ नुसतं नेलं की ते फुगून बारीक भिंग होतं आणि उजेड बाजूंनीही दिसू लागतो. टेकवलं तर जळतं.

करंटचं गणित शाळेतलं आहे. 12 व्होल्टचा अडॅप्टर, पांढरा एलईडी साधारण 3 व्होल्ट खातो, उरलेल्या 9 व्होल्टसाठी रेझिस्टर. दुकानदार सवयीने 470 ओहम देतो, म्हणजे 19 मिलिअँपिअर आणि डोळे दिपवणारा झोत. इथे 10 किलोओहम लावायचा, 0.9 मिलिअँपिअर मिळतो, आणि तोही पुष्कळदा जास्त वाटतो. मग एलईडीवर पातळ पिवळसर-नारिंगी रंगाचा हात. तो केवळ तेज मारण्यासाठी नसतो. सत्तरच्या दशकातल्या तारेच्या दिव्यांचा उजेड उबदार होता, आणि आजच्या मोबाइलच्या टॉर्चसारखा निळसर उजेड त्या खिडक्यांतून आला की सगळं काळाच्या बाहेर जातं.

या सगळ्यात खरी चैन एकच, हँगर. विक्रांतला दोन लिफ्ट होत्या, एक पुढे, एक मागे. मॉडेलमध्ये मागची खाली उतरलेली दाखवायची. डेकमध्ये अंगठ्याएवढं चौकोनी भोक पडतं आणि त्यातून आतला उजेड वर येतो. तिथे एक ‘सी हॉक’ पंख दुमडून उभं, शेजारी विमान ओढायचा पिवळा ट्रॅक्टर, त्याच्या बॉनेटला टेकलेला निळ्या डंगरीतला खलाशी. त्याचा चेहरा म्हणजे रंगाचा एक ठिपका. उजेड वरून न पाडता हँगरच्या आतल्या बाजूने, बघणाऱ्याला न दिसणाऱ्या दिव्यातून यावा; मग विमानाची सावली लिफ्टवर पडते आणि नजर आपोआप त्या दिव्याचा माग काढत आत शिरते. काही हौशी माणसं न दिसणाऱ्या भागातही विमानं, शिड्या, पाइप सगळं करतात. त्यांना नमस्कार, पण नजर जिथवर पोचते त्याच्या हातभर पलीकडे थांबावं हे बरं. त्यापुढचं हँगर बघणारा स्वतःच बांधतो, आणि ते तो नेहमी मोठंच बांधतो.

माहिती मिळवणं हे आणखी एक दालन. विक्रांत 31 जानेवारी 1997 रोजी निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून राहिली, 2012 मध्ये धोकादायक ठरून बंद झाली आणि 2014 पासून मुंबईतच दारूखाना इथल्या जहाजं मोडायच्या यार्डात मोडली गेली. तिच्या पत्र्याचा काही भाग मोटारसायकलींच्या टाक्यांत गेला. त्यामुळे मोजपट्टी घेऊन जायला आता जहाज नाही. पण संग्रहालयाच्या काळात शाळांच्या सहली, पाहुणेरावळे, नवविवाहित जोडपी, सगळी तिथे जाऊन आली. मॉडेल करणारा नातेवाइकांचे अल्बम मागत फिरतो. काकूंच्या खांद्यामागे वायुवीजनाचा पाइप कुठून वळलाय हे तो बघत असतो; काकू कोण, हे त्याच्या लक्षातही येत नाही. बाकीचं ऑस्ट्रेलियाच्या ‘मेलबर्न’ आणि कॅनडाच्या ‘बोनाव्हेंचर’ या तिच्या बहिणींच्या फोटोंवरून जुळवायचं, प्रत्येकीच्या दुरुस्त्या वेगळ्या हे लक्षात ठेवून.

डेक कधीही कायमचं चिकटवायचं नाही. बारीक लोहचुंबकांवर बसवायचं. हा सल्ला प्रत्येक जुना हात देतो आणि प्रत्येक नवा हात एकदा तरी दुर्लक्षित करतो. दिवे जातात म्हणून तो दिला जातो असं नव्या माणसाला वाटतं. खरं कारण प्रदर्शनात कळतं. तिथे कधी ना कधी नौदलातून निवृत्त झालेले एखादे गृहस्थ येतात, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघतात, हँगरचं कौतुक करतात आणि मग हळूच विचारतात, “काय हो, जहाज नांगरावर आहे ना? मग हा डावीकडचा लाल आणि उजवीकडचा हिरवा कसा काय चालू?” बरोबरच आहे. लाल-हिरवे दिवे चालत्या जहाजाचे. नांगरलेल्या मोठ्या जहाजाला पुढे एक आणि मागे, त्याहून खाली, एक असे चहूबाजूंनी दिसणारे पांढरे दिवे लागतात. शिवाय 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे 100 मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला नांगरावर डेकही उजळावं लागतं. मग रविवारी डेक उचलायचं, दोन तारा सोडवायच्या, दोन नवे तंतू ओवायचे आणि डेकवरच्या उजेडासाठी आणखी एक रेझिस्टर शोधायचा. या वेळी 22 किलोओहमचा.